ओनोदेराचा हातगुण

रविवारी सकाळी आमच्या डोक्यावर दगड घासल्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र, मग पाणी ओतल्याचा आवाज, पुन्हा खर्र. आमच्या या सेंदाई शहरात रविवारी सकाळी लोक झोपतात, नाहीतर गाडी धुतात. आमचा वरचा भाडेकरू बाल्कनीत उकिडवा बसून चिमट्याची टोकं घासायचा. स्वयंपाकघरातला चिमटा नव्हे. वीतभरही लांब नसलेला, टोकाशी सुईसारखा बारीक, पोलादी. सुरीला धार लावणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांची बायकांना थोडी भीती तरी वाटते. चिमट्याला धार लावणारा पुरुष मी एकच पाहिला, आणि त्याचं लग्न का होत नाही हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

हा ओनोदेरा. डोंगरावरच्या एका प्रयोगशाळेत सहायक होता. खाली आमची लाँड्री, वर त्याच्या दोन खोल्या. राहायला आला त्या दिवशी शर्ट घेऊन खाली आला आणि मला ‘काकू’ म्हणाला. मी त्याच्या कॉलरला अशी खळ घातली की पुढे कितीतरी दिवस त्याला मान वळवता येईना, रस्ता ओलांडताना सगळा माणूस वळायचा. त्यानंतर मी ताई झाले. मीही मग त्याला अरे-तुरे करू लागले.

त्याची आई केसेन्नुमा बंदरात मासे साफ करण्याच्या कामावर होती. वर्ष संपायला आलं की तिच्याकडून आम्हाला अख्खा खारवलेला रावस येणार, म्हणजे रावसासारखाच, आमच्याकडचा तो लाल मांसाचा साल्मन, दोरीला डोकं बांधलेला. सोबत फोन. ‘माझ्या पोराकडे लक्ष असू द्या. लहानपणी चुंबकाला दोरी बांधून किनाऱ्यावर फिरवायचा. वाळूतलं काळं लोखंड चिकटायचं, ते मुरंब्याच्या बरणीत भरून ठेवायचा. दुसरी पोरं बेसबॉल खेळायची.’ तिला वाटे, पोराच्या एकटेपणाचं मूळ त्या बरणीत आहे. मला तेव्हा वाटलं की आईचं काळीज आहे, काहीही शोधून काढतं.

त्याचं काम काय, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलेलं आहे आणि दर वेळी थोडं वेगळं. खरं ते असं. रेडिओ, कॅल्क्युलेटर, फोन यांच्या पोटात जो अर्धवाहक असतो तो वीज कधी जाऊ देतो, कधी अडवतो, पण चुंबकाशी त्याचं काही देणं-घेणं नाही. चुंबक जवळ न्या, ढुंकून बघणार नाही. या लोकांनी तो पदार्थ थरावर थर चढवून वाढवताना त्यात चिमूटभर मँगनीज मिसळलं. आच जास्त झाली की मँगनीज आपापसात गोळा होऊन बसतं, म्हणून मंद आचेवर, कणाकणाला एकमेकांपासून दूर ठेवून. तर तो पदार्थच चुंबक झाला. वीजही खेळवतो आणि चुंबकही आहे, म्हणजे उद्या यंत्र बंद केलं तरी त्याची आठवण जाणार नाही. खोट एकच. हे चुंबकपण फक्त भयंकर थंडीत टिकतं. होक्काइदोतली थंडी नव्हे. हवेचं पाणी होऊन ते भांड्यात ओतता येईल, तिथवर पोचणारी थंडी. जरा ऊब लागली की संपलं.

‘म्हणजे आमच्या ह्यांचं प्रेम,’ मी म्हटलं. ‘नोव्हेंबर उजाडला की आठवतं.’

आमचे हे मागे इस्त्री करत होते. त्यांनी वाफेचं बटण जरा जास्त वेळ दाबलं. हे त्यांचं उत्तर.

ओनोदेराला जे हवं होतं, जे तेव्हा जगभर सगळ्यांनाच हवं होतं, ते म्हणजे टेबलावर, उन्हाळ्यातसुद्धा चुंबक राहील असा अर्धवाहक. त्यानं मँगनीज सोडून वेगळा रस्ता धरला होता. बाळाच्या पुरळावर आपण जे जस्ताचं पांढरं मलम लावतो, त्यातलं जस्त-भस्म घ्यायचं, त्यात कोबाल्ट मिसळायचं आणि नखाएवढ्या पारदर्शक चकतीवर त्याचा पातळ थर चढवायचा. थर हिरवट दिसतो. त्यानं मला एकदा दाखवला होता. मी म्हटलं, छान आहे, अंगठीत बसव आणि कुणाला तरी दे. तो लाल झाला आणि निघून गेला.

ज्या वर्षी आमच्याकडे फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्या उन्हाळ्यात त्याची हिरवी चकती भर गरमीत चुंबक निघाली.

ही बातमी मला त्याच्याकडून कळली नाही. त्याचे प्राध्यापक, कुमागाई सेन्सेई, आमचं जुनं गिऱ्हाईक. सूट टाकायला आले आणि काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले, जे ते कधी करत नसत.

‘चिबा-सान, तुमच्या घरात हिरा राहतो, माहीत आहे का?’

‘हिरा भाडं वेळेवर देतो, सेन्सेई. बाकी काही माहीत नाही.’

‘बाकीच्यांनी हेच सगळं केलं. तीच भुकटी, तेवढीच आच. कुणाचं जमतं, कुणाचं नाही. ओनोदेराचं दर वेळी. आणि ज्या तुकड्यावर त्यानं जास्त मेहनत घेतली, तो जास्त चुंबक. ह्याला काय म्हणायचं? हातगुण! सुशीवाल्याच्या हाताला असतो, तसा ह्याच्या हाताला आहे.’

‘मग चिमट्याला धार लावतो ते बरोबरच आहे म्हणायचं.’

सेन्सेईंचा चेहरा एकदम उजळला. ‘अजून लावतो? तो चिमटा माझा. त्याआधी माझ्या गुरूंचा. तो कामाला लागला त्या दिवशी मी त्याला दिला. अहो, हल्लीची पोरं प्लास्टिकचे वापरतात.’

आता ओनोदेराच्या नोकरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथं अडकलेलं होतं. त्याची जागा कराराची. करार मार्चअखेर संपणार, आणि नियम असा की पुन्हा मिळणार नाही. कायमची जागा एकच रिकामी होत होती. नव्या वर्षात समिती बसणार आणि ठरवणार. सदतीस वर्षांचा माणूस, आयुष्यभर थर चढवण्यापलीकडे काही न केलेला. ती जागा मिळाली नाही तर डोंगरावरून खाली, आणि खाली त्याच्यासाठी काही नव्हतं. हिरव्या चकतीनं ती जागा त्याच्या ओंजळीत आणून ठेवली होती. आईनं बंदरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी गल्लीत. एकूण गावात कुणी उरलं नव्हतं.

शरदात त्सुकुबाच्या एका प्रयोगशाळेनं कुरकुर सुरू केली. त्यांना चुंबक मिळेना. त्यांनी सरळ विचारलं नाही, आमच्याकडे कुणी सरळ विचारत नाही. त्यांनी फार नम्रपणे लिहिलं की ओनोदेरा-सान इथं येऊन आम्हाला शिकवतील का. म्हणजे आमच्या भट्टीत, आमच्या भुकटीनं, आमच्यासमोर करून दाखव. ओनोदेरा गेला. जाताना शर्टाच्या वरच्या खिशात चिमटा खोचलेला, टोकाला कापसाचा बोळा. चांगला आचारी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेला तरी सुरी आपलीच नेतो, यात कुणालाही वावगं वाटलं नाही. आणि त्यांच्या भट्टीत, त्यांच्या भुकटीनं, त्यांच्या डोळ्यांदेखत चकती चुंबक झाली.

‘वाकून नमस्कार केला त्यांनी,’ सेन्सेई मला म्हणाले. ‘त्यांच्या विभागप्रमुखानं.’ सूट त्या दिवशी तयार नव्हता, तरी ते रागावले नाहीत.

मग डिसेंबर आला. हमरस्त्याच्या झाडांवर दिवे लागले, त्या पहिल्या संध्याकाळी पाऊस पडत होता. दिवे बघायला गेलेली माणसं भिजलेल्या कोंबड्यांसारखी परत येत होती. त्यांत ओनोदेराही आला. ओला पांढरा कोट काढून काउंटरवर ठेवला आणि वर पळाला. खिसे तपासायचं काम माझं. निघाला चिमटा. मी तो डब्यात ठेवला. आमच्या काउंटरवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. खिशात सापडलेलं सगळं त्यात जातं. बटणं, नाणी, एकेकटी कर्णफुलं, एकदा एक दातसुद्धा. कोट न्यायला येईल तेव्हा देऊ, थोडी मस्करी करू.

तो लवकर आलाच नाही. जिन्यावर दिसायचा तेव्हा चेहरा उतरलेला. रविवारी वरून खर्र नाही. मी विचारलं, ‘काय रे, दगड झिजला का?’ तर ‘थोडं काम आहे’ म्हणाला. पुढे कळलं ते असं. चिमटा हरवला म्हणून त्यानं प्रयोगशाळा पालथी घातली होती, आणि गुरूच्या गुरूंचा चिमटा हरवला हे सेन्सेईंना सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून प्लास्टिकच्या चिमट्यानं काम रेटत होता. समितीपुढे ठेवायला आणखी काही चकत्या हव्या होत्या. केल्या, आणि एकही चुंबक निघाली नाही. एकही नाही. त्याला वाटलं, हात गेला. चिमटा हरवल्याची शिक्षा म्हणून गेला. शिकलेला माणूस, पण असं वाटलं खरं.

मधल्या काळात आईकडचा साल्मन आला. मी फोडी केल्या. काटे बोटानं निघेनात. डब्यातला चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि वापरला. काय चिमटा होता! बारीकातला बारीक काटा पकडायचा, तुटू न देता.

शनिवारी दुकान बंद करायच्या सुमारास तो आला.

‘ताई, कोट झाला?’

‘कधीचाच. आणि तुझं धनही घेऊन जा.’ मी चिमटा काउंटरवर ठेवला. ‘मशीनमध्ये गेला असता तर माझ्या ड्रमची चाळण झाली असती.’

त्यानं हात लावला नाही. ‘हा इथं होता?’

‘कोटाच्या खिशात. दिवे लागले त्या संध्याकाळपासून. आणि रागावू नकोस, तुझ्या आईच्या माशाचे काटे ह्यानंच काढले. धुतलाय.’

मला वाटलं आता चिडेल. तीन पिढ्यांचा चिमटा आणि माशाचे काटे. पण तो ते ऐकतच नव्हता.

‘त्या संध्याकाळपासूनच माझा हात गेला,’ तो म्हणाला.

‘बघ, मग आता परत आला. जा, कामाला लाग.’

तो चिमट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘एखादी प्लास्टिकची पिशवी आहे का, ताई?’ मेलेल्या उंदराला उचलावं तसा त्यानं तो पिशवीत ढकलला, बोट न लावता, आणि कोट विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. वरून आवाज नाही, कारण तो पहाटेच डोंगरावर गेला होता. दुपारी आला तो थेट मागच्या खोलीत, जिथं आमचे हे इस्त्री करतात, आणि टोपलीशेजारच्या स्टुलावर बसला. मी चहा दिला. त्यानं तो हातात धरून ठेवला.

‘कोरी चकती घेतली,’ तो म्हणाला. ‘डबीतून थेट. भट्टी नाही, जस्त नाही, कोबाल्ट नाही. मोजली. काही नाही. मग त्या चिमट्यानं कोपऱ्याला धरली, नेहमी धरतो तशी. पुन्हा मोजली.’

‘आणि?’

‘चुंबक. तेवढंच. माझ्या शोधनिबंधात छापलंय तेवढंच.’

‘मग कोबाल्ट काय करत होतं?’

‘काही नाही. बिचारं नुसतं हिरवं दिसत होतं.’

माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. पोलादी टोकाचं लोखंड चकतीच्या कोपऱ्याला लागत होतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. त्याचं मोजयंत्र इतकं तिखट की त्याला तेवढं पुरे. ‘पण कोऱ्या चकत्या तू आधी मोजल्या नव्हत्यास?’ हा प्रश्न मी विचारला, आणि विचारल्याबरोबर वाटलं, नको होता विचारायला.

‘मोजल्या होत्या. दर वेळी. पण कोऱ्या चकत्या फेकायच्याच असतात. त्यांना कशाला गुरूंचा चिमटा? त्या मी प्लास्टिकच्यानं उचलायचो.’ त्यानं कप खाली ठेवला. ‘चांगल्या तुकड्याला चांगलं हत्यार. आणि जितका तुकडा चांगला, पडेल म्हणून तितका घट्ट धरायचो. आणि दर रविवारी दगडावर घासून ताजं लोखंड वर काढत होतो. त्सुकुबालाही खिशातून घेऊन गेलो.’ मग स्वतःशीच म्हणाला, ‘वाळूतसुद्धा लोखंड असतं हे मला सात वर्षांचा असताना माहीत होतं.’

‘कुणाला सांगितलंस?’

‘तुम्हाला.’

‘मग झालं. आमचे हे कुणाशी बोलत नाहीत, आणि मी...’

‘तू बोलतेस,’ आमचे हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ‘हे बघ, ओनोदेरा. खोटं बोल असं मी म्हणत नाही. नुसता उशीर कर. समिती बसू दे, जागा मिळू दे, मग मार्चमध्ये सांग की चूक सापडली. चूक कुणालाही सापडते. चुंबक काय पळून जातोय?’

‘नाहीच आहे तो,’ ओनोदेरा म्हणाला. ‘पळेल कुठला?’

त्याला तो विचार आधीच येऊन गेला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ तो त्या विचारापाशी बसला असावा, डोंगरावर, एकटाच. तो स्टुलावरून उठेना. मी त्याचा गार झालेला चहा बदलला.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, ‘डागावर इस्त्री फिरवली की तो निघत नाही मग.’

ह्यांच्या हातात खरोखरच सोया सांडलेला एक शर्ट होता आणि ते त्या शर्टाबद्दलच बोलत होते. तो मी डाग न काढता इस्त्रीच्या ढिगात टाकला म्हणून मला टोमणा होता तो. त्यात आणखी काही अर्थ शोधू नका, पस्तीस वर्षं त्या माणसाबरोबर काढली आहेत मी. पण ओनोदेरा उठला, वाकून नमस्कार केला, विसरलेला कोट घेतला आणि बसच्या थांब्याकडे गेला. सेन्सेई रविवारी दुपारी प्रयोगशाळेत असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची बायको तेव्हा घरात मुलांना गाणं शिकवते.

तिथं काय झालं ते ओनोदेरानं पुढे सांगितलं, तेही सगळं नाही. सेन्सेईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘चकती आण.’ कोरी चकती आणली. सेन्सेईंनी पिशवीतला चिमटा स्वतः काढला, स्वतः कोपऱ्याला धरला, स्वतः यंत्रात घातला. यंत्राला वेळ लागतो. दोघं शेजारी उभे राहिले. पडद्यावर रेघ चढली, वळली आणि परत आली, जशी चुंबकाची येते तशी.

‘म्हणजे माझ्याही हाताला गुण आहे,’ सेन्सेई म्हणाले.

आणि यंत्र बंद करून घरी गेले.

समितीला सेन्सेईंनीच कळवलं. निबंध मागे घेतला. कायमची जागा एका दुसऱ्या माणसाला मिळाली. तो थंडीतल्या, मँगनीजवाल्या पदार्थावर काम करणारा, सावकाश, कंटाळवाणा, आणि त्याचे शर्टही आमच्याकडे येत नाहीत. त्सुकुबाच्या लोकांनी फार नम्र पत्र लिहिलं. आमच्याकडे पत्र जितकं नम्र, तितकं ते पुन्हा वाचवत नाही.

मार्चमधल्या शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात ओनोदेराचं भाषण आधीच छापील कार्यक्रमात होतं. सगळ्यांना वाटलं, रद्द करेल. त्यानं रद्द केलं नाही. मी त्याचा सूट इस्त्री करून दिला, कॉलरला खळ न घालता. तो उभा राहिला आणि हिरव्या चकतीऐवजी चिमट्याबद्दल बोलला. कसा धरला, किती घट्ट धरला, किती घट्ट धरल्यावर किती चुंबक, सगळं मोजून. सभागृहात पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपापल्या टेबलावरचा चिमटा आठवला असावा. प्रश्न एकच आला. चिमटा कोणत्या कंपनीचा?

‘कंपनी माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘मला दिलेला आहे.’

महिनाअखेर त्यानं खोल्या सोडल्या. अकिताला एका कारखान्यात स्फटिक वाढवायचं काम मिळालं. पगार बरा, नाव कुठं छापून येत नाही. आईला त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिनं मात्र मला फोन करून विचारलं की पोराचं नक्की काय चुकलं. मी म्हटलं, ‘काही नाही हो. लोखंड चिकटलं.’ ती मग म्हणाली, ‘मी तेव्हाच ती बरणी फेकायला हवी होती.’

जायच्या दिवशी तो खाली आला. किल्ली दिली, उरलेलं भाडं दिलं, आणि चिमटा काउंटरवर ठेवला.

‘हा तुम्ही ठेवा, ताई.’

‘मी? सेन्सेईंना परत दे.’

‘दिला होता. त्यांनी घेतला नाही.’

‘मग अकिताला ने.’

‘तिथं प्लास्टिकचे आहेत.’ त्यानं जरा विचार केला. ‘माशाचे काटे चांगले निघतात म्हणालात ना?’

तो गेला. आता खोल्यांत एक नर्स राहते. रविवारी झोपते. वर्षअखेरीला साल्मन अजून येतो, आता अकिताहून, त्यानं स्वतः पाठवलेला. चिठ्ठी नसते.

सेन्सेई निवृत्त झाले. तरी सूट आमच्याकडेच. परवा आले तेव्हा मी आत पावती शोधत होते. बाहेर येऊन बघते तर त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून चिमटा उचलला होता. उजेडात धरून टोकं बघत होते. दोन्ही टोकं जुळतात का ते, एक डोळा मिटून.

‘हा इथं काय करतोय, चिबा-सान?’

‘माशाचे काटे काढतो, सेन्सेई.’

‘नीट निघतात?’

‘एकही तुटत नाही.’

‘तुटणार नाहीच,’ सेन्सेई म्हणाले. त्यांनी तो रुमालानं पुसला, टोकं दुखावणार नाहीत असा बटणांच्या वर आडवा ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि सूट घेऊन गेले.